या दगडांनी काहीही होत नाही

खडीला खडी हे नाव तिच्या बापाने ठेवलं. शाळेच्या दाखल्यावर तिचं चांगलं चार अक्षरी नाव होतं. पण ती चौथीत असताना दप्तराचा नवाकोरा पट्टा तुटला, तो तुटला कसा म्हणून बापाने दप्तर उलटं केलं, आणि त्यातून दोन वह्या, अर्धी पेन्सिल आणि घमेलंभर दगड जमिनीवर आले. "ही शाळेत जाते का रस्त्याच्या कामावर?" असं त्याने बायकोला विचारलं आणि त्या दिवसापासून ती घरादाराची खडी झाली. लाडात आला की बाप तिला खडीसाखर म्हणायचा. पण लाडात यायला त्याला वेळ कुठे होता! त्याचं मोटारी भरून द्यायचं दुकान होतं. पाण्याचा पंप, पंखा, मिक्सर, गिरणीची मोटार, जळून आलेलं काहीही तो उघडायचा, आतली काळीठिक्कर पडलेली तांब्याची तार उपसायचा आणि नवी तार मोजून वेढे देत बसवायचा. दुकान खाली, घर वर. त्यामुळे वरच्या स्वयंपाकाला कायम वॉर्निशचा वास असे, आणि घरातल्या कोणाला तो येत नसे.

खडी चौदा वर्षांची असताना एकदा एका पंपाला चार वेढे तार कमी पडली. बापाचा हिशेब असा कधी चुकत नसे. त्याने रीळ उलटंसुलटं करून पाहिलं, टेबलाखाली पाहिलं, मग जिना चढून वर आला आणि बायकोला म्हणाला, "तार बघितलीस का?"

"मी तार खात नाही," बायको म्हणाली.

तेवढ्यात खडी आतल्या खोलीतून बाहेर आली. तिच्या गळ्यात दोरा होता, दोऱ्याला एक राखाडी गुळगुळीत दगड होता, आणि दगडाच्या अंगावर पंपाचे चारही वेढे होते. बाप ओरडायला तोंड उघडून पुढे झाला, दगड हातात घेतला, आणि ओरडायचं विसरून बघतच राहिला.

"वेढे ढिले आहेत," तो म्हणाला.

"छान दिसतंय की!"

"दिसायचं सोड. तार ताणून धरायची आणि मग फिरवायची. ढिलं पडलं की मोटार जळते."

"बाबा, ही मोटार नाहीये."

"तार तारच असते," बाप म्हणाला, आणि पंपवाला खाली वाट बघत असताना त्याने वर बसून लेकीला वेढा कसा घालायचा ते दाखवलं. धंदा सुरू झाला तो असा. त्यानंतर उरलेल्या तारेचे तुकडे तो एका डब्यात वेगळे ठेवू लागला. त्यावरचं वॉर्निश खडी पॉलिशपेपरने घासून काढी, की आतून तांबं लालबुंद हसायचं.

दगडांना मात्र तारेइतकी अक्कल नव्हती. नदीतले बरे असत, पण पुलाच्या कामावरच्या ढिगातून उचललेले खडबडीत आणि डांबराने माखलेले. डांबर खडी रॉकेलने काढायची. खडबडीतपणावर उपाय बापाने शोधला. एका बाद झालेल्या वॉशिंग मशीनची मोटार, तिला पट्टा, पट्ट्यावर रंगाचा रिकामा डबा आडवा. डब्यात दगड, पाणी आणि फरशी पॉलिश करणाऱ्याकडून आणलेली पूड. हा डबा सलग तीन आठवडे फिरला की आतले दगड आरशासारखे निघत. फक्त तीन आठवडे घरात 'खडर्र, खडर्र' चालायचं. दहाव्या दिवशी शेजारच्या काकू दारात येऊन उभ्या राहिल्या.

"तुमच्याकडे इतके दिवस काय दळताय हो?"

"दगड," खडीची आई म्हणाली.

काकूंनी ओठ मुडपले. "सांगायचं नसेल तर राहू दे," म्हणाल्या आणि निघून गेल्या.

खडीची आई खोटं बोलत नसे. तो तिचा गुण होता आणि शेजारधर्माच्या दृष्टीने दोषही. रक्त-लघवी तपासायच्या प्रयोगशाळेत ती बावीस वर्षं काम करत होती. कोणी पेशंट लाडीगोडी लावून म्हणाला, "ताई, साखर जरा कमी लिहा ना, घरी बोलणी बसतात," तर ती म्हणायची, "तुमचं रक्त सांगतं ते मी लिहिते. तक्रार त्याच्याकडे करा."

खडीने हा गुण जसाच्या तसा उचलला होता, आणि धंद्याला तो भलताच महागात पडला. वाचनालयाच्या अंगणात दर रविवारी हाताने केलेल्या वस्तूंचा बाजार भरायचा. सोळावं लागल्यावर खडीने तिथे टेबल लावलं. निळं कापड, त्यावर ओळीने तार गुंडाळून गळ्यात घालायला केलेली पंचवीस दगडांची पदकं, पुढे पाटी: 'दगडधोंडे'. पाटीवर हसून लोक थांबायचे. एखादी बाई पदक उचलून म्हणायची, "किती सुंदर! कुठला गं हा दगड?"

"पुलाचं काम चाललंय ना, तिथल्या ढिगातला."

"अच्छा. आणि ही तार?"

"पंपाची."

बाई पदक खाली ठेवायची, तेही दोन बोटांनी. पहिल्या तीन रविवारी मिळून खडीचे दोन नग गेले. एक तिच्या वर्गशिक्षिकेने भिडेखातर घेतला. दुसरा एका गृहस्थांनी घेतला, ते म्हणाले टेबलावरचे कागद उडतात.

चौथ्या रविवारी आत्या आली.

आत्या म्हणजे खडीच्या बापाची थोरली बहीण. तिने तीस वर्षं विमा विकला होता. म्हणजे धडधाकट माणसासमोर बसून, तो उद्या मेला तर काय होईल हे हसतमुखाने समजावून सांगायचं आणि उठताना त्याची सही घ्यायची. लोक वर चहाही पाजायचे. निवृत्त झाल्यापासून तिच्या जिभेला काम नव्हतं. घरात ती दूधवाल्याला, वायरमनला, चुकून लागलेल्या फोनला काही ना काही पटवून देत असे. भाचीच्या टेबलामागे ती दहा मिनिटं गप्प बसली. तेवढा वेळ ती गप्प बसलेली कोणी पाहिली नव्हती. मग म्हणाली, "खडे, तू जरा पाणी पिऊन ये."

खडी पाणी पिऊन आली तेव्हा तीन पदकं गेलेली होती.

"आत्या, कशी काय?"

"लोकांना दगड नको असतो गं. दगडाचा उपयोग हवा असतो."

उपयोग काय ते खडीला लवकरच कळलं. राखाडी, पांढऱ्या रेघेचा दगड 'साखर ताब्यात ठेवणारा' झाला होता. तांबूस दगडाने घोरणं थांबत होतं. हिरवट दगड भीती घालवत होता. हा हिरवट दगड मार्बलच्या दुकानामागे पडलेल्या बाथरूमच्या फरशीचा तुकडा आहे हे खडीला पक्कं ठाऊक होतं. ती लाल होऊन आत्याच्या कानाशी कुजबुजली, तर आत्या तेवढंच हळू म्हणाली, "तुला काय माहीत? बाथरूममध्ये भीती वाटते का कोणाला?"

खडीने तिथेच थांबवायला हवं होतं. तिलाही ते कळत होतं. पण पुढच्या दोन रविवारी टेबल रिकामं झालं, लोक पत्ता विचारत दुकानापर्यंत यायला लागले. ती शाळेतून आली की थेट पक्कड हातात घ्यायची आणि बोटं दुखेपर्यंत वेढे घालायची. इतकं सुख तिला याआधी कशातच मिळालं नव्हतं. आत्या बोलायला लागली की ती खाली वाकून पिशवीत काहीतरी शोधायची. पिशवीत काहीच नसायचं.

एका मंगळवारी आई कामावरून आली, पर्स खुंटीला लावली आणि हातपाय न धुताच खुर्चीवर बसली. तिचं हे असं बसणं घरात सगळे ओळखून होते. बापाने बातम्या बंद केल्या.

"पेशंटचं नाव मी सांगणार नाही," आई म्हणाली. "नियम आहे. पण आज एकाचं रक्त घेतलं. साखर अशी की मला वाटलं मशीन बिघडलं. दुसऱ्यांदा लावलं, तेवढीच. म्हटलं, गोळ्या चालू आहेत ना? तर म्हणाले, बंद केल्या पंधरा दिवसांपूर्वी. का? तर शर्टाचं बटण काढलं आणि म्हणाले, आता हा आहे ना."

बापाने खडीकडे पाहिलं.

"राखाडी दगड," आई पुढे म्हणाली. "पांढरी रेघ तिरकी. वर तीन वेढे आणि उजव्या अंगाला एक गिरकी."

नाव सांगायची गरजच नव्हती. ती गिरकी खडीने तीनदा उसवून केली होती, आणि ते पदक कोणी नेलं हेही तिच्या डोळ्यांसमोर होतं: बाजारपेठेच्या टोकाला बसणारे म्हातारे घड्याळजी. आत्याने त्यांना तब्बल अर्धा तास पकडून ठेवलं होतं.

खडीने तिथूनच आत्याला फोन लावला. आत्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मी साखर ताब्यात राहते असं म्हटलं. गोळ्या बंद करा असं कुठे म्हटलं?"

"आत्या, त्या दगडाला डांबर लागलेलं होतं! मी स्वतः काढलंय!"

मग आत्याचा आवाज आला, आणि तो नेहमीपेक्षा बराच लहान होता. "उद्या सकाळी जाऊ. मी येते तुझ्याबरोबर."

घड्याळजींचं दुकान इतकं अरुंद होतं की दोन माणसं आत शिरली तर एकाला बाहेर पडताना मागे मागे चालत जावं लागे. काचेच्या टेबलामागे ते बसले होते, एका डोळ्यात भिंग अडकवलेलं, समोर उघडं पडलेलं मनगटी घड्याळ. दगड गळ्यातच होता. आत्याला पाहून त्यांनी भिंग काढलं.

"या या! आज काय विकताय?"

आत्या आयुष्यात पहिल्यांदा उत्तर न देता भाचीच्या मागे सरकली.

"आजोबा," खडी म्हणाली. घरून निघताना तिने सगळं पाठ केलं होतं, ते आता गडबडून एका दमात बाहेर आलं. "तो दगड परत द्या, मी पैसे परत देते. त्याने साखरबिखर काही कमी होत नाही. तो खडीच्या ढिगातला आहे. तुम्ही गोळ्या सुरू करा. प्लीज."

"साखर कमी होत नाही ते मला ठाऊक आहे," घड्याळजी शांतपणे म्हणाले. "मी काय खुळा आहे?"

"मग गोळ्या का बंद केल्या?"

त्यांनी समोरच्या घड्याळावर फुंकर घातली. "आठ वर्षं झाली. सकाळी मुलगा विचारतो, बाबा, गोळी घेतली? दुपारी सून विचारते. संध्याकाळी लेकीचा फोन येतो, गोळी घेतली? नातू तीन वर्षांचा आहे, त्याला अजून स्वतःचं नाव नीट सांगता येत नाही, तोही विचारतो. जेवलात का, कंटाळलात का, आज कुठलं घड्याळ आलं, यातलं काही नाही. हा दगड घालून घरी गेलो, तर सून म्हणाली, अय्या, हे काय गळ्यात? मुलगा म्हणाला, बाबा, तुम्ही नट झालात की काय! तासभर सगळे माझ्याभोवती. मग मीच म्हटलं, आता हाच माझी गोळी. सगळे पोट धरून हसले. त्यांना वाटलं मी चेष्टा करतोय. मलाही वाटलं. पण मग दुसऱ्या दिवशी घ्यावीशी वाटेना."

आत्याला यावर काहीतरी सुचलं, पण तिने तोंडावर हात ठेवला.

"परत मात्र देणार नाही," घड्याळजी म्हणाले. त्यांनी पदक गळ्यातून काढलं, भिंग डोळ्यात बसवलं आणि दगड उलटा करून उजेडात धरला. त्यांचा आवाज एकदम बदलला. "तुझी तक्रार झाली, आता माझी ऐक. हे तारेचं टोक बघ. कुठे सोडलंयस?"

"मागे."

"मागे कोण बघतंय, असं वाटलं ना?"

खडीने टोकावरून बोट फिरवलं.

"पंधरा दिवस टोचतंय मला. बनियनला भोक पडलंय. पुढून काम झकास आहे, ही गिरकी तर मलाही जमली नसती. पण मागून तू पळून गेलीस. पोरी, घड्याळाचं मागचं झाकण गिऱ्हाईक जन्मात उघडत नाही. उघडतो तो पुढचा घड्याळजी. मी पन्नास वर्षं त्या एका माणसासाठी मागची बाजू स्वच्छ ठेवतोय, आणि तो कोण आहे ते मला माहीतसुद्धा नाही."

"मी नीट करून देते," खडी म्हणाली. तिचे कान तापले होते. "आत्ता. पण तुम्ही गोळी घ्या."

"हा सौदा झाला."

"सौदा."

म्हाताऱ्याने मान हलवली आणि बारीक खणांचा एक ट्रे पुढे ओढला. खणांवर चिठ्ठ्या होत्या: स्प्रिंगा, स्क्रू, मिनिटकाटे, सेल. 'तासकाटे' लिहिलेल्या खणातून त्यांनी एक गोल पांढरी गोळी उचलली.

"थांबा!" आत्या किंचाळली. "गोळीच आहे ना ती? का घड्याळाचा सेल?"

घड्याळजींनी भिंगातून नीट बघितलं. "गोळी आहे," म्हणाले, आणि पाण्याबरोबर गिळली. "डॉक्टर संध्याकाळी रिपोर्ट बघून ओरडणार आहेच. त्याचं ओरडून झालं की तो जे देईल तेही घेईन."

मग त्यांनी खडीला टेबलामागे स्टुलावर बसवलं आणि स्वतःची बारीक कानस हातात दिली. टोक कापून नव्हे, घासून गोल कसं करायचं, ते शेवटच्या वेढ्याखाली कसं दडवायचं, आणि दडवल्यावर दगडाला लोकरीच्या कापडावरून फिरवून कुठे धागा अडकतो ते कसं बघायचं, हे सगळं त्या सकाळी तिला कळलं. शाळेचा पहिला तास बुडाला. धागा नवव्या खेपेला अडकायचा थांबला. निघताना घड्याळजी म्हणाले, "शनिवारी दुपारी मला फारसं काम नसतं." त्यानंतर खडीचा शनिवार तिथे जाऊ लागला. आत्याही एकदा आली, पण घड्याळजी म्हणाले एका वेळी एकच टिकटिक बरी.

पाटीची कल्पना खडीचीच. बापाने पत्र्याच्या तुकड्यावर दुकानाचा लाल रंग वापरून ती रंगवून दिली: 'या दगडांनी काहीही होत नाही.' खाली जागा उरली म्हणून स्वतःच्या मनाने भर घातली: 'फक्त छान दिसतात.' आईने वाचून मान डोलावली आणि म्हणाली, "'काही जणांना' असं घाल." मग तेही बारीक अक्षरात घातलं.

आत्याला ही पाटी मानवली नाही. "मी त्याखाली बसणार नाही," ती म्हणाली. "तीस वर्षांची माझी अब्रू आहे." रविवारी ती आली खरी, पण खुर्ची टेबलापासून चार पावलं लांब ओढून, दुसऱ्या कोणाची तरी आत्या असल्यासारखी बसली.

तासभर कोणी फिरकलं नाही. मग मोटार ड्रायव्हिंग शिकवणारे मास्तर तरातरा आले. हातात फरशीचा हिरवट दगड, नजर आत्यावर.

"ताई, तुम्ही म्हणालात याने भीती जाते. मी गाडीत आरशाला टांगला. परवा नवी बाई शिकायला आली. तिची भीती गेली, बरोबर आहे. ती रस्ता सोडून दगडच बघत बसली आणि गाडी घातली सरळ बागेच्या कुंपणात!" एवढं बोलून त्यांचं लक्ष पाटीकडे गेलं. त्यांनी ती मोठ्याने वाचली. दोनदा वाचली. "हे आधी का नाही लिहिलंत?"

"चुकलं," खडी म्हणाली. "पैसे परत देते."

मास्तर पाटीकडे बघतच होते. "खरंच काहीही होत नाही?"

"काहीही नाही."

"नक्की?"

इथे मात्र आत्याला राहवलं नाही. चार पावलं लांबून तिचा आवाज आला, "गॅरंटी! लेखी देते! सबंध बाजारात असा दुसरा दगड दाखवा!"

मास्तर खो खो हसले. "मग हा राहू दे, आणि बायकोसाठी आणखी एक द्या. आमच्या घरात सगळ्या वस्तू काही ना काही करतात. पावलं मोजणारं घड्याळ, पाय दाबणारं यंत्र, झोप मोजणारी उशी. एक तरी वस्तू नुसती असू दे."

त्यांचं हसणं ऐकून दोघी-तिघी थांबल्या. त्या पाटी वाचून हसल्या, त्यांच्यामुळे आणखी कोणी थांबलं. लोक आता दगड उचलून आधी उलटा करून बघायचे, कारण खडीच त्यांना सांगायची, "मागून बघा, मागून." आत्याची खुर्ची दुपारपर्यंत एकेक पाऊल करत टेबलाला येऊन भिडली. संध्याकाळी ती लोकांना सांगत होती, "अहो, याने काही होत नाही म्हणजे तोटाही होत नाही, विचार करा!" खडीने डोळे वटारले, पण यात खोटं नेमकं काय होतं ते तिला सापडेना.

साखरेचा, घोरण्याचा आणि भीतीचा दगड नेलेल्या सगळ्यांना आत्याने स्वतः फोन केले. ते काम तिने कोणाला करू दिलं नाही. बरेचसे म्हणाले, "आम्हाला माहीतच होतं हो." पेपरला बसण्यापूर्वी दगड नेलेला एक मुलगा म्हणाला, "म्हणजे आता अभ्यास करू?" आत्या म्हणाली, "कर बाबा." फक्त एक फोन लागला नाही: बेकरीवाल्या वहिनींचा. त्यांनी नवऱ्याच्या घोरण्यावर तांबूस दगड नेला होता.

त्या वहिनी तीन रविवारांनंतर आपण होऊन आल्या. मागे नवरा, अंगाने आडवा, चेहरा पावासारखा मऊ. वहिनींनी पाटी वाचली आणि त्यांच्या भुवया चढल्या.

"हे काय लिहिलंय? काही होत नाही म्हणे! तुझे बाकीचे दगड असतील तसले. आमचा चांगला चालतो. हे गेले दीड महिना घोरलेले नाहीत!"

आत्याने भाचीकडे असा काही कटाक्ष टाकला की सांगायची सोय नाही.

"असं होणार नाही," खडी म्हणाली. "काका, बघू जरा?"

काका लाजले. मग पाठ करून उभे राहिले, कॉलर मागे ओढली आणि मानेमागून दोरा वर खेचला. दगड त्यांच्या पाठीवरून वर आला.

"तुम्ही मागे घालता?"

"पुढे घातला की दुकानात पोरं हसतात," काका पुटपुटले. "म्हणून मागे सोडतो, शर्टाच्या आत."

खडीने दगड उलटा केला. तिच्या जुन्या कामातला तो. तारेचं टोक सुईसारखं बाहेर आलेलं. तिच्या डोक्यात हळूहळू उजेड पडला. "काका, तुम्ही उताणे झोपायचात का?"

"आधी झोपायचो. आता उताणं झालं की टोचतं. म्हणून कुशीवर झोपतो."

"आणि कुशीवर झोपल्यावर घोरत नाही!" खडी म्हणाली. "वहिनी, हे दगडाने नाही झालं. माझ्या वाईट कामाने झालं. थांबा, मी टोक आत घेऊन देते, दोन मिनिटं—"

"हात लाव तर खरी!" वहिनींनी दगड हिसकावून छातीशी धरला. "बारा वर्षांनी झोप मिळतेय मला! ते टोक आहे तसं राहू दे." मग आवाज मऊ करून म्हणाल्या, "माझ्या बहिणीलाही असाच एक हवाय. टोचणारा."

आत्याने ऑर्डरची वही उघडली होती. खडीने ती बंद केली, मग पुन्हा उघडली. घड्याळजींकडे महिनाभर बसून टोक लपवायला शिकलेली ती, आणि पहिली खास ऑर्डर आली ती उघड्या टोकाची!

शनिवारी तिने घड्याळजींना सांगितलं. ते एवढे हसले की डोळ्यातलं भिंग निसटून टेबलावर पडलं. हसून झाल्यावर डोळे पुसत म्हणाले, "मग काय हरकत आहे? टोचायचंच असेल तर नीट टोचलं पाहिजे. ओरखडा नको, बनियनला भोक नको, रक्त नको. फक्त माणूस उलटला पाहिजे." आणि त्यांनी कागदावर एक बारीक गोळा काढून दाखवला.

तो गोळा साधायला दोन शनिवार लागले. तांब्याच्या तारेचं टोक स्वतःभोवतीच घट्ट गुंडाळत नेऊन त्याचा मोहरीएवढा मणी करायचा आणि तो दगडाच्या पाठीवर बरोबर मधोमध उभा राहिला पाहिजे. पहिले तीन वाकले. चौथा उभा राहिला. वेढे मोजायला बाप स्वतः वर आला आणि म्हणाला, "अकरा. ढिला एकही नाही." सोबतच्या चिठ्ठीत आईने लिहायला लावलं, की हा मणी फक्त टोचतो, बाकी काही करत नाही, आणि घोरणं फार असेल तर डॉक्टरांना दाखवावं. चिठ्ठी दगडापेक्षा मोठी झाली.

वहिनींची बहीण रविवारी पदक न्यायला आली. तिने चिठ्ठी वाचली नाही. आधी दगड उलटा केला, मणी अंगठ्याने दाबून पाहिला, आणि तिच्या तोंडून बारीकसं "आई गं!" निघालं.

"उत्तम," ती म्हणाली, "बांधून दे."